रुमालाखालचा हात

बैलबाजारात भाव तोंडानं सांगायची पद्धत नव्हती. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं त्या दिवसांतली ही गोष्ट, नांदुऱ्याच्या बाजारातली. विकणाऱ्याचा दलाल आणि घेणारा व्यापारी समोरासमोर उभे राहायचे, हातात हात द्यायचे, त्यावर एक रुमाल टाकायचे आणि रुमालाखाली बोटं दाबून सौदा करायचे. भोवती पन्नास माणसं माना ताणून उभी असली तरी कोणाला काही कळायचं नाही. तोंडानं आम्ही भलतंच बोलत असायचो, कोणाच्या सोयरिकीचं, कोणाच्या कोर्टकचेरीचं, नाहीतर नुसत्या एकमेकांना शिव्या. जमलं की रुमाल झटकायचा आणि बैलाच्या पाठीवर थाप मारायची. मी हे काम पंधरा वर्षं केलं. चांगलं केलं, उगीच विनय कशाला दाखवू?

या धंद्यात माणसाकडं दुसरं काही नसलं तरी चालतं, हात पाहिजे. कोरडा आणि स्थिर. आमच्या बाजाराची पक्की समजूत होती की रुमालाखाली ज्याचा हात कापतो त्याच्या पोटात काहीतरी खोट आहे. त्यानं मालकाला एक सांगितलंय आणि व्यापाऱ्याला दुसरं, किंवा बैलाचा काही ऐब झाकलाय. मीही हेच मानायचो. नवा होतो तेव्हा घेणाऱ्याच्या बाजूनं आलेल्या एका म्हाताऱ्या दलालाचा हात मी भर बाजारात झिडकारला होता आणि ओरडलो होतो, "याचा हात कापून राह्यला, पहा बे!" तो बिचारा निघून गेला. पुढं तो बाजारात दिसला नाही आणि मी चौकशीही केली नाही. तरणाताठा होतो, मस्ती होती.

घरी आम्ही दोघंच. बायको अमडापूरची, बोलायला कमी आणि कामाला वाघ. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. माझ्या भावकीतले लोक अधूनमधून तिच्या देखतच म्हणायचे, दुसरी कर, वंश बुडवतो काय? त्या काळी दुसरी करणं म्हणजे काही मोठी गोष्ट नव्हती, कायदा आडवा येत नव्हता. मी हसून विषय टाळायचो. ती आतल्या खोलीत भाकरी थापत असायची, तिला सगळं ऐकू जायचं. मी टाळतो म्हणजे नाही म्हणतो, हे तिला आपोआप कळत असेल असं मी धरून चाललो होतो.

एका बाजाराच्या दिवशी, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, माझ्या छातीत धडधड सुरू झाली. समोर मलकापूरकडचा एक व्यापारी होता, रुमाल टाकलेला होता. मला आधी वाटलं मागं कोणाची जोडी उधळली आणि खुरांचा आवाज येतोय. वळून पाहिलं तर सगळे बैल निवांत रवंथ करत उभे. आवाज माझ्याच आत होता. जीभ टाळूला चिकटली, बोटांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. बाजाराचा गलका एकदम लांब गेला. मनात एकच आलं की आपण आता इथंच मरतो, या शेणात पडून मरतो. मी त्या माणसाचा हात सोडला आणि धूम ठोकली. पाण्याच्या हौदामागं जाऊन डोकं गुडघ्यात घालून बसलो.

पंधरा-वीस मिनिटांनी सगळं ओसरलं. छाती ठीक, श्वास ठीक, फक्त अंगरखा घामानं भिजलेला. परत गेलो तर लोक हसत होते. मी म्हणालो, पित्त झालं. सगळ्यांनी मान डोलावली, पित्त कोणाला होत नाही?

पुढच्या बाजारी मी त्याच जागेवर उभा राहिलो आणि मनात आलं, आज परत झालं तर? झालं, एवढं मनात यायचा अवकाश! परत तेच, तसंच, त्याहून जास्त. तिथून पुढं मला दोन दुखणी लागली. एक ती धडधड, आणि दुसरी ती कधी येईल याची वाट. खरं सांगतो, दुसरी जास्त वाईट. धडधड आठवड्यातून दोनदा यायची, वाट पाहणं रोज सकाळी डोळा उघडल्यापासून असायचं. मी सारखी दोन बोटं गळ्याला लावून नाडी पाहायचो. मोजता मोजता ती वाढायची, वाढली की अजून भ्यायचो.

मग मी एकेक जागा सोडायला लागलो. आधी बाजारातली ती मधली जागा सोडली, कडेला उभा राहायला लागलो, पळायला बरं म्हणून. मग देवळातलं भजन सोडलं, तिथं दार एकच. मग न्हाव्याच्या दुकानात जाणं सोडलं, गळ्याशी वस्तरा असताना उठून पळता येत नाही. दाढी घरीच करायला लागलो, तीही अर्धीमुर्धी. रेल्वे तर मी नुसती पाहूनच घाबरायचो. एक जागा सोडली की दोन दिवस बरं वाटायचं आणि तिसऱ्या दिवशी भेव दुसऱ्या जागी येऊन बसायचं. वैद्यानं चूर्ण दिलं, वात आहे म्हणाला. मी त्याला तरी पूर्ण कुठं सांगितलं होतं? छातीत जळजळतं एवढंच सांगितलं होतं. मला भेव वाटतं हे शब्द माझ्या तोंडून निघेनात. माजलेल्या बैलाच्या नाकात हात घालून वेसण ओढणारा माणूस मी. मी कोणाला आणि काय सांगू?

बायकोलाही सांगितलं नाही. तिच्यासमोर जेवायला बसलं की वाटायचं, आत्ता आलं तर ही पाहील. मग मी ताट बाजूला सारायचो, भूक नाही म्हणायचो, आणि बाजार नसला तरी बाहेर पडायचो. गावाबाहेर एक पडकी विहीर होती, तिच्या काठावर दुपारभर बसून राहायचो. तिथं कोणी येत नसे. घरी आलो की ती विचारायची, "कोठी गेले होते?" मी म्हणायचो, "कामाले." तिनं माझ्या शेण न लागलेल्या पायताणांकडं पाहिलेलं मला आठवतं. एकदा तिनं माझ्या पाठीला हात लावला तर मी असा दचकलो की हात झटकूनच टाकला. तिनं पुन्हा लावला नाही.

त्याच वर्षी तिच्या भावाचं लग्न अमडापूरला निघालं. मी येतो येतो म्हणत राहिलो आणि निघायच्या दिवशी सकाळी स्टेशनपर्यंत जाऊन परत फिरलो. गाडीचा डबा, डब्यात माणसं, दार बंद. मला पायरीवर पाय ठेववेना. तिला म्हणालो, "तू जाय. मले काम निघालं." गाडी सुटेपर्यंत ती खिडकीतून माझ्याकडं पाहत होती. सख्ख्या भावाच्या लग्नात ती एकटी उभी राहिली आणि नवरा काहून नाही आला, हे चार दिवस सगळ्या बायकांना सांगत राहिली. परत आली तेव्हा मला काही बोलली नाही. मला तर बरंच वाटलं, बोलणी बसली नाहीत म्हणून. एवढा मी स्वतःत गुंतलो होतो.

इकडं बाजारात माझा हात कापायला लागला. रुमाल टाकला की तळव्याला घाम फुटायचा आणि बोटं थरथरायची. हात कोरडा राहावा म्हणून मी मुठीत माती घेऊन चोळायचो. तरी काय, कळायचं ते कळलंच. एका व्यापाऱ्यानं माझा हात सोडून दिला आणि रुमाल खांद्यावर टाकत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आज काहून कापते बे तुहा हात? कोणाले बुडवून राह्यला?" लोक हसले. मी त्याच्या अंगावर धावून गेलो, गळपट्टी धरली, चार जणांनी ओढलं म्हणून सोडली. त्यानं तर लोकांची खात्रीच पटली. चोर नसता तर एवढा पेटला असता काय?

तुम्ही म्हणाल, त्याच वेळी सांगून का टाकलं नाही? अहो, तेच तर सांगतोय. मी मनाशी नीट विचार केला होता. चोर म्हटलं तर लोक दोन वर्षांनी विसरतात. भित्रा म्हटलं तर पोट्टे मागून शिट्ट्या मारतात. मी चोर म्हणवून घेणं पत्करलं. वर्षानुवर्षं ज्यांच्या जोड्या मी विकल्या ते शेतकरी माझ्यासमोरून कासरा ओढत दुसऱ्या दलालाकडं जायला लागले. एक जण तर ओळखीचं हसायचंही टाळून गेला. बाजारामागून बाजार गेले, कोणी माझा हात हातात घेईना. मी मात्र दर बाजारी जाऊन कडेला उभा राहायचो, घरी बसलो तर बायकोला काय सांगणार म्हणून. एवढी माणसं, एवढी जनावरं, एवढा धुरळा, आणि माझ्याशी बोलणारं कोणी नाही. त्या वर्षाइतका एकटा मी आयुष्यात कधी नव्हतो.

आमच्या बाजारात एक म्हातारे व्यापारी होते, नांदुऱ्याचेच, मुसलमान. सगळा बाजार त्यांना चाचा म्हणायचा. चाळीस वर्षं लोकांची बोटं दाबलेला माणूस. एका बाजारी ते तुरुतुरु चालत माझ्याकडं आले, काही न विचारता माझा हात धरला आणि वर आपला रुमाल टाकला. लोक पाहायला लागले. माझ्याकडं तर विकायला बैलच नव्हता.

"चाचा, माल नाही माह्याकडं," मी म्हणालो.

"चूप बैस बे. हात दे."

त्यांनी एकही बोट दाबलं नाही. नुसता हात धरून उभे राहिले. मला घाम फुटला, थरथर सुरू झाली, मी हात ओढायला लागलो तर त्यांनी घट्ट धरला. म्हाताऱ्याच्या पंज्यात काय ताकद होती राव! वर तोंडानं ते आपले मोठ्यानं कोणाच्या तरी गोऱ्ह्याला नावं ठेवत होते, लोकांना वाटावं सौदा चाललाय. मग हळूच म्हणाले, "चोराचा हात गरम असते. चाळीस साल झाले, पाहून राह्यलो मी. तुहा थंडा हाय. कायचं भेव घेतलं बेटा?"

मी भर बाजारात रडलो. रुमालाखाली हात तसाच. चाचांनी मला पाठीशी घेऊन उभं केलं, लोकांना दिसू नये म्हणून.

मग हौदाजवळ बसून मी सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला तरी. ते ऐकत राहिले. मग त्यांनी आपल्या मोठ्या बहिणीचं सांगितलं. तिला असंच व्हायचं. आधी ती बाजारात जाईना, मग शेजारी जाईना, मग अंगणात येईना. घरच्यांनी म्हटलं, स्वभाव आहे, राहू द्या. "तेवीस साल खोलीच्या भायेर आली नाही ती. जनाजाच निघाला मंग. कोणीच नाही म्हटलं का ही बिमारी हाय. मीबी नाही म्हटलं." मग म्हणाले, "तुहे किती दरवाजे बंद झाले आतापावतर?"

मी बोटांवर मोजायला लागलो. देऊळ, न्हावी, रेल्वे, सासुरवाडी, बाजाराची मधली जागा, बायकोसमोरचं ताट. एक हात पुरला नाही.

"बस झालं. उद्या खामगावले चाल. माह्या ओळखीचा डॉक्टर हाय."

मी म्हणालो, चाचा, रेल्वेत मी मरीन. ते म्हणाले, "मर ना. मी हावो पाहाले."

तो प्रवास मी कधी विसरणार नाही. नांदुऱ्याहून जलंब म्हणजे पुढचंच स्टेशन, तिथं उतरून खामगावची गाडी धरायची. एवढ्याशा प्रवासात मी चाचांच्या हाताला नखं रुतवून रक्त काढलं. ते शेजारच्या प्रवाशाला सांगत होते, "आमच्या भतिज्याची दाढ दुखून राह्यली." मी मेलो नाही. पण तेव्हा मला त्याचं काही कौतुक वाटलं नाही, परत यायचंय याचीच काळजी होती.

डॉक्टर मध्यम वयाचे होते, साजूक तुपातली मराठी बोलणारे. त्यांनी नळी लावली, पाठ ठोकली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, मला खोलीतल्या खोलीत उड्या मारायला लावल्या आणि परत नळी लावली. मग म्हणाले, "तुमचं हृदय उत्तम आहे."

मला असा राग आला! वर्षभर मी मरतोय आणि हा म्हणतो उत्तम. मी म्हणालो, "मंग मी काय सोंग करून राह्यलो?"

"सोंग कोण म्हणतंय? धडधड खरी, घाम खरा, श्वास कोंडतो तोही खरा. फक्त त्यानं मरण येत नाही. हा भीतीचाच आजार आहे, आणि आजार म्हणजे आजार. तुम्ही बैलांचा धंदा करता ना? मग मला सांगा, एखादा बैल पुलावर बुजतो. पुढं पाय टाकत नाही. तुम्ही काय करता?"

हे मला विचारतात! मी तावातावानं सांगायला लागलो. बुजला बैल मारायचा नाही. आणि तिथून मागं तर मुळीच फिरवायचा नाही. एकदा मागं फिरवला की त्याच्या डोक्यात पक्कं बसते का पूल म्हणजे मरण, मग तो त्या रस्त्यालाही लागत नाही, पुढं पुढं गोठ्यातून निघत नाही. त्याले तिथंच उभा ठेवायचा. कासरा ढिला सोडायचा, जवळ उभं राहायचं, मानेवर हात ठेवायचा. फुरफुर करते, थरथर करते, करू द्यायची. थंड झाला का एक पाऊल. मग परत उभा...

बोलता बोलता मी थांबलो. चाचा खिडकीतून बाहेर पाहत होते.

"तुम्ही स्वतःला किती वेळा मागं फिरवलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

मला तो म्हातारा दलाल आठवला, ज्याचा हात मी झिडकारला होता. त्याचाही हात थंडच होता की काय, कोण जाणे. गरम की थंडा, मी पाहिलंच नव्हतं.

डॉक्टरांनी मग एक प्रश्न विचारला, जो मला कोणी विचारला नव्हता. मरून जावंसं वाटतं का? मी म्हणालो, नाही, मरायचंच तर भेव आहे. मग खरं सांगितलं, की विहिरीवर बसलो असताना एक-दोनदा वाटलं होतं, एकदाचं सुटलं तर बरं. त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, "हे परत वाटलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी घरच्यांना सांगायचं आणि इथं यायचं, मी नसलो तर सरकारी दवाखान्यात जायचं, एकट्यानं बसायचं नाही." भीती कधीमधी सगळ्यांनाच वाटते, असंही ते म्हणाले. पण ती रोज यायला लागली, कामं सुटायला लागली, माणसं सुटायला लागली, की मग स्वभाव म्हणून सोसत बसू नये. त्यांनी एक कडू औषध दिलं, थोड्या दिवसांपुरतं, आणि महिन्यानं परत बोलावलं.

निघताना विचारलं, "घरी कोणाला माहीत आहे?"

"कोणाले नाही."

"मग आधी बायकोला सांगा. बाजार नंतर."

मी हाव म्हणालो. आणि काय केलं? नेमकं उलटं केलं. घरी गेलो, ती चुलीपाशी होती, मी तांब्याभर पाणी प्यालो आणि बाहेर पडलो. उद्या सांगू, परवा सांगू. तेवढ्यात बाजाराचा दिवस आला.

मी मधल्या जागी जाऊन उभा राहिलो. आली धडधड. उभा राहिलो. पाय पळायला निघाले, मी पायताणाची टाच जमिनीत रोवली आणि उभाच राहिलो. चाचांनी आपली एक जोडी मला विकायला दिली होती, समोर व्यापारी आला, रुमाल टाकला, हात कापायला लागला. त्यानं भुवई वर केली. तेव्हा मी मोठ्यानं म्हणालो, पार गाड्यांपर्यंत ऐकू गेलं असेल, "हाव, कापते माहा हात! चोरी नाही करून राह्यलो. मले भेवाचा आजार हाय. डॉक्टरनं सांगितलं. भाव खरा हाय, घ्यायची तं घे, नाहीतर सोड!"

कोणीतरी फिस्कन हसलं, एक-दोघांनी शिट्ट्याही मारल्या. व्यापाऱ्यानं हात सोडला नाही. सौदा झाला. पाण्याच्या हौदावर दोन माणसं, चांगली दांडगी, एकामागून एक माझ्याजवळ आली आणि इकडंतिकडं पाहत विचारून गेली, तो खामगावचा डॉक्टर कुठं बसतो म्हणून. मी पत्ता सांगितला. मला वाटलं, जिंकलं. मी छाती काढून घरी गेलो.

घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, गेली अमडापूरला, दुपारच्या गाडीनं, ट्रंक घेऊन. मग जरा अडखळत म्हणाली, बाजारातून माळीण आली होती, तिनं ओट्यावर बसून सगळं सांगितलं, तुमच्या आजाराचं. ती ऐकून आत गेली आणि ट्रंक घेऊनच बाहेर आली.

मला काही उमगेना. माझा आजार कळला म्हणून गेली? अशी ती बाई नव्हती. दोन दिवस मी त्या घरात बसून काढले. तिची पीठ चाळायची चाळणी, भांडी, सगळं जिथल्या तिथं होतं. तिसऱ्या दिवशी मी निघालो. चाचांना बोलावलं नाही. रेल्वेत एकटा चढलो, दारात उभा राहिलो, आली धडधड, येऊ दिली. खामगावहून पुढं अमडापूरला जायला सर्व्हिस मोटार होती. दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस, पेट्रोल मिळेना, मागं कोळशाची भट्टी लावलेली ती मोटार धापा टाकत चालायची. आत माणसं कोंबलेली, दारात एक कोंबड्यांची पाटी. पुढं बसलो असतो तर उतरता आलं असतं, मला मधली जागा मिळाली. सगळ्या रस्त्यानं मी डोळे उघडे ठेवले आणि मनात म्हणत राहिलो, मागं नाही फिरायचं. घामानं मी निथळत होतो. बाजूचा माणूस सरकून बसला.

सासऱ्यांच्या घरी पोचलो तेव्हा ओसरीवर सासरे आणि मेहुणा बसले होते. तोच मेहुणा, ज्याच्या लग्नाला मी गेलो नव्हतो. त्यानं रामराम घातला नाही. सासऱ्यांनी बसा म्हटलं नाही. ती आतून आली आणि दाराच्या चौकटीशी उभी राहिली. एका वर्षात किती वाळली होती ती! घरात रोज समोर असताना मला दिसलंच नव्हतं.

"घ्याले आलो," मी म्हणालो.

ती म्हणाली, "बाजाराले सांगितलं. माळणीले माहीत झालं. गाडीवाल्याइले माहीत झालं. मले नाही सांगितलं."

"सांगणारच होतो..."

"सालभर तुमी जेवले नाही माह्यासंगं. हात लावला तं झटकला. रोज कोठी जात होते मले माहीत नाही. भावाच्या लग्नाले आले नाही. भावकीचे लोक येऊन दुसरीचं बोलून जात, तुमी नुसते हसत." तिचा आवाज चढला नव्हता. "मले वाटलं, पाहून ठेवली दुसरी. आता कधी आणते तेवढंच राह्यलं. दारात कोणाचं पाऊल वाजलं का माह्या छातीत धडधड होये. बाजाराच्या दिवशी तं घासच उतरे नाही, आज घेऊनच येतीन म्हणून. ट्रंक तं मी सहा महिन्यांपासून भरून ठेवली होती."

मेहुणा खाली पाहायला लागला.

"काय होते तुमाले?" तिनं विचारलं. "तुमच्या तोंडानं सांगा."

मी सांगितलं. सासऱ्यांसमोर, मेहुण्यासमोर. छातीत काय होतं, हात कसे गार पडतात, मरतो असं कसं वाटतं, विहिरीवर बसून काय मनात यायचं. भेव हा शब्द मी कितीतरी वेळा उच्चारला. सांगताना आवाज फाटला, मी तो फाटू दिला. ती एकटक माझ्याकडं पाहत होती. माझं संपलं तेव्हा तिनं पदरानं तोंड पुसलं, आणि मला कळेना की ती माझ्यासाठी रडतेय की स्वतःसाठी.

"आपल्या दोघाइले एकच होत होतं," ती म्हणाली. "एका घरात. आणि तुमी मले एकटीले भेऊ देलं."